कादिझहून बूट निघाले बोटीने

“नंदूकाका! बाबा समुद्रात काय करतायत?”

मृणालचं एवढंच वाक्य कानात शिरलं आणि माझ्या डोक्यापासून दोन हातांवर टांगलेली घंटा वाजली. घंटा कसली, उलटा टांगलेला हौदच तो. स्पेनमधल्या कादिझ नावाच्या बंदरात, तिथल्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यावर, मी एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानावर तळहात धरून उभा होतो. पहिल्या टोल्याला माझ्या दाढेतलं सिमेंट हललं. दुसऱ्याला चष्म्याचा नंबर बदलला.

“काय म्हणालीस?”

“बाबांचा डॉट! समुद्रात आहे! मधोमध! आणि हलतोय!”

मृणाल राहते मिनेसोटात, ईडन प्रेरीला. तिकडे तेव्हा जेमतेम उजाडलेलं. स्वतः डॉक्टर आहे, दोन मुलांची आई आहे, पण डोळे उघडले की चहाच्या आधी फोनवर बापाचा निळा ठिपका कुठे आहे ते बघते. मी मनोऱ्यावरून खाली पाहिलं. कादिझ म्हणजे समुद्रात घुसलेली जिभेएवढी जमीन; जिकडे मान वळवाल तिकडे पाणी. पांढऱ्या गच्च्या, गच्च्यांवर वाळत घातलेल्या चादरी, आणि पलीकडे खाडीत एक प्रवासी बोट पाण्यावर रेघ ओढत समोरच्या गावाकडे निघालेली. ठिपका त्या बोटीत होता. आणि ज्यांचा तो ठिपका, ते डॉक्टरकाका माझ्या हिशेबाने बरोब्बर माझ्या पायाखाली, कॅथीड्रलमध्ये, देवदर्शन करत होते.

“अगं, इथेच आहेत. बाथरूमला गेलेत.”

“बाथरूम समुद्रात आहे?”

“डॉटचं काय घेऊन बसलीस! इथलं नेटवर्क असंच आहे. काल मला मोरोक्कोत दाखवत होतं.”

“नंदूकाका, तुमच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे. आता कुठलं निम्मं सोडू तेवढं सांगा.”

मी तिच्याकडून थोडा वेळ मागून घेतला आणि फोन ठेवला. शेजारी माझी बायको शुभा कठड्याला धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. “गेलं घर,” ती म्हणाली.

हे घर कुणाचं, ते आधी सांगतो. न्यू जर्सीत, एडिसनला, आमच्यापासून दोन घरं सोडून डॉक्टरकाका राहतात. मूळचे देवगडचे. पन्नास वर्षं अमेरिकेची हाडं जोडली. अर्ध्या जर्सीचे गुडघे त्यांच्या हातचे आहेत. थंडीत ते सगळे गुडघे एकदम कुरकुरतात तेव्हा गावात भूकंप झाल्यासारखं वाटतं. वय एकोणऐंशी. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या. तेव्हापासून काका त्या मोठ्या घरात एकटे, मागे टोमॅटो लावतात, पुढे गाडी धुतात. गेल्या मार्चमध्ये गॅसवर चहाचं भांडं विसरले, अलार्म झाला, आगीचा बंब आला. काकांनी त्या बंबवाल्यांना चहा पाजला. पण मृणालने तिकडे ईडन प्रेरीत आपल्या घराजवळ म्हाताऱ्यांसाठीची एक सोय बघून ठेवली. जागा छानच आहे, काही म्हणायला नको. फक्त काकांना तिथे जायचं नाही.

त्यात मी काकांना स्पेनला घेऊन जायचं काढलं. मृणालने फोनवर स्वच्छ सांगितलं, “ठीक आहे, बाबा. ही तुमची टेस्ट. ट्रिप नीट झाली तर मी परत विषय काढणार नाही. एक जरी गडबड झाली, तरी घर विकायला काढायचं आणि तुम्ही माझ्याकडे.”

“गडबड? माझ्याबरोबर?” मी मध्येच म्हणालो. “अगं, मी नागपूरहून बद्रीनाथला सासूला स्कूटरवर नेऊन आणलंय.”

“माझी आई कामठीच्या पुढे कधी गेली नाही,” शुभा भांडी आवरता आवरता म्हणाली.

कादिझ निवडलं काकांनीच. “जिथे मासे ताजे आणि म्युझियम कमी, तिथे जाऊ,” एवढीच त्यांची अट.

पहिल्या संध्याकाळी आम्ही उपाशी मरता मरता वाचलो. एडिसनला आम्ही साडेसहाला जेवणारी माणसं. सातला भांडी मशीनमध्ये. त्या सवयीने सहाला तिघंही एका खाणावळीत जाऊन बसलो. वेटर आला, आमच्याकडे बघितलं. दवाखान्यात नातेवाइकांकडे बघतात ना, तसं. स्वयंपाकघर नऊला उघडणार म्हणाला. मग त्याला दया आली असावी, कारण त्याने ऑलिव्हची वाटी आणली. मग दुसरी आणली. नऊ वाजेपर्यंत मी एकट्याने स्पेनचं त्या वर्षीचं सगळं ऑलिव्हचं पीक संपवलं. नऊला बघतो तर लहान लहान पोरं, आज्या, कुत्री, सगळं गाव जेवायला बाहेर. आपल्याकडे ज्या वेळी पोरांना झोपवताना रट्टे देतात, त्या वेळी इथली पोरं चौकात फुटबॉल खेळतात. आणि मग आली कोलंबीची भजी. भजी म्हणजे जाळीदार, कुरकुरीत, कागदासारखी पातळ. एवढ्या एवढ्या कोलंब्या सालासकट आत. काकांनी पहिला घास घेतला, दुसरं भजं उजेडात धरून उलटंपालटं बघितलं. मग म्हणाले, “नंद्या, ह्यांना हे आमच्या देवगडवाल्यांनीच शिकवलंय. पुरावा नाही. पण शिकवलंय.”

दुसऱ्या दिवशी गाव हिंडलो. इथे फिरणं सोपं करून ठेवलंय. रस्त्याच्या फरशीवर रंगीत पट्टे मारलेत, हिरवा, निळा, केशरी. एक पट्टा धरायचा आणि चालत सुटायचं. तो तुम्हाला वाड्यांपाशी, किल्ल्यापाशी, बाजारापाशी नेऊन सोडतो. एडिसनला दूध आणायला गाडी काढावी लागते, तिथल्या माणसाला हे म्हणजे स्वर्गच. गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरच्या खिडकीतल्या बाईने फोडणी दिली तर आपण शिंकतो. वारा मात्र खट. पूर्वेकडून सुटतो त्याला ते लोक नाव घेऊन शिव्या देतात, जावयाला देतात तशा, हळू आवाजात. माझी टोपी त्या वाऱ्याने जी उचलली, ती बहुतेक पोर्तुगालमध्ये कुणीतरी घालून फिरत असेल.

बाजारात टूना बघितला. आमच्या नागपूरच्या ऑटोरिक्षाएवढा. काका प्रत्येक माशाचे कल्ले उघडून बघत होते आणि मासेवाली त्यांच्या हातावर मारत होती. दोघंही खूश होते.

तिसऱ्या दिवशी कॅथीड्रल. मनोऱ्यावर चढायला पायऱ्या नाहीत, गोल गोल चढण आहे. काका खालीच थांबले. “तुम्ही वर जा. मी आत शांतपणे बघतो. गुडघे दुसऱ्यांचे दुरुस्त केले, स्वतःचे राहिले.” मृणालला मी शब्द दिला होता की काकांना नजरेआड करणार नाही. पण मनोऱ्यावरून सगळं गाव दिसतं, म्हणजे काकाही दिसणारच, असा मी हिशेब केला.

तर आता परत मनोऱ्यावर या. मृणालचा फोन ठेवल्या ठेवल्या मी काकांचा नंबर लावला. रिंग गेली. एका बाईने उचलला.

“डॉक्टर?” मी म्हणालो.

“नो डॉक्टर,” बाई अडखळत इंग्रजीत म्हणाली. “माझ्याकडे बूट आहेत. बूट वाजतायत.”

शुभा आणि मी त्या चढणीवरून जे उतरलो, ते उतरणं नव्हतं, घसरगुंडी होती. दाराशी पहारेकरी उभा. चांगला दांडगा माणूस. त्याला शुभाने स्वतःची चप्पल काढून दाखवली, मग बोटांनी म्हाताऱ्याची मिशी दाखवली. तो एकदम हसला आणि हातवारे करत सांगू लागला. थोडं त्याचं इंग्रजी, थोडं शुभाचं डोकं, असं करून जे कळलं ते असं.

काकांनी बूट पायऱ्यांवर काढले होते. अमेरिकेत पन्नास वर्षं काढली, पण चर्चमध्ये जायची वेळ कधी आली नव्हती. देवाच्या घरी पायताण घालून जायचं नाही, एवढं त्यांना ठाऊक. देव कुणाचा ते नंतर. बूट काढले, मोजे गुंडाळून आत ठेवले, आणि मंदिरात फोन वाजू नये म्हणून फोनही मोज्यात घालून बुटातच. जर्सीच्या मंदिरात ते असंच करतात. तिथे रांगेत दीडशे जोड असतात, कोण कशाला नेतो! इथे अख्ख्या पायऱ्यांवर एकच जोड. पहारेकऱ्याने विचार केला, नुकताच खाडीपलीकडच्या गावचा पेन्शनरांचा जथा दर्शन करून निघालाय, त्यातल्या कुणा आजोबांचे पाय सुजले असणार, बूट काढून बसले आणि तसेच विसरून गेले. भला माणूस. पळत जाऊन त्याने बूट त्या जथ्याच्या गाईड मुलीच्या हातात दिले. जथा बोटीत बसला. बूट बोटीत बसले. मृणालचा बाप समुद्रात गेला.

“आणि ते आजोबा?” शुभाने विचारलं.

पहारेकऱ्याने खांदे उडवले. एक अनवाणी आजोबा बाहेर आले होते खरे. पायऱ्या बघितल्या, सगळीकडे बघितलं, आणि त्या बाजूला गेले. त्या बाजूला म्हणजे गावाकडे.

मी हबकलो. आता विनोद संपला होता. जूनची दुपार, फरशी तापलेली, माणूस एकोणऐंशी वर्षांचा, भाषा येत नाही, फोन नाही. मी म्हणालो, चपलांच्या दुकानांत बघू. दोन गल्ल्या पालथ्या घातल्या. सगळी शटर्स खाली. दुपारी दोन ते पाच गाव जेवतं आणि पडतं. तुम्ही सोन्याच्या विटा घेऊन उभे राहिलात तरी तिथे दुपारी तुम्हाला कोणी स्लिपर विकणार नाही. मी एका बंद दारावर थाप मारली तर वरच्या मजल्यावरून कुणीतरी ‘श्श’ केलं. फोन परत वाजू लागला. मृणाल. मी तो खिशात दाबला. मांडीवर विंचू थरथरल्यासारखं वाटत होतं.

“पोलिसांत जाऊ,” मी म्हणालो.

शुभा सावलीत उभी राहिली. “थांब. तू डॉक्टरकाका आहेस. बूट नाहीत, दुकानं बंद, पाय भाजतायत, चार लोक टकमका बघतायत. कुठे जाशील?”

“हॉटेलवर.”

“हॉटेल लांब आहे. अनवाणी माणूस कुठे वेडा दिसत नाही?”

मी तिच्याकडे बघतच राहिलो. तीस वर्षांचा संसार, पण बायकोचं डोकं असं मधूनच लख्खकन दिसतं, आणि मग आपण तीस वर्षं काय करत होतो असं वाटतं.

गावाच्या टोकाला एक छोटा समुद्रकिनारा आहे, दोन्ही बाजूंना दोन जुने किल्ले आणि मध्ये कोयत्यासारखी वाळू. जवळ वडाच्या जातीची दोन अजस्र झाडं आहेत. त्यांच्या सावलीत आमचं एडिसन पार्किंगसकट मावेल. आम्ही धापा टाकत तिथे पोचलो. वाळूवर अख्खं कादिझ पसरलेलं, आणि सगळं अनवाणी.

भरतीच्या रेषेपाशी चार मोठ्या छत्र्या एकमेकींना बांधून मांडव घातला होता. खाली घडीच्या खुर्च्या, टेबल, डबे, कलिंगड, आणि गोलाकार बसलेल्या सात-आठ आज्या. पोहायच्या कपड्यांत, गळ्यात मोत्यांच्या माळा, ओठांना लाली. मध्ये एक आजी पिशवीतून सोंगट्या काढून आकडे पुकारत होती. आणि तिच्या उजव्या हाताला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, पाय पाण्यात सोडून, डोक्यावर कुणाची तरी फुलाफुलांची टोपी घालून डॉक्टरकाका बसले होते. पुढ्यात तंबोल्याचं कार्ड. कार्डावर खडे.

“काका!” मी किल्ल्याचे दगड निखळतील असा ओरडलो.

काकांनी मान वर केली नाही. “नंद्या, ओरडू नकोस. मला दोनच आकडे हवेत.”

“तुम्हाला स्पॅनिश आकडे कुठे कळतात?”

“ही कार्मेला बोटांनी दाखवते. बस खाली. शुभा, तू पण बस. ह्यांनी बटाट्याचं ऑम्लेट आणलंय, आपल्या आईच्या हातचं वाटेल.”

शुभा मटकन वाळूत बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. कार्मेलाने आकडे पुकारणं न थांबवता एका हाताने तिच्या मांडीवर डबा ठेवला.

मी मृणालला व्हिडिओ कॉल लावला. “सापडले,” मी म्हणालो. “म्हणजे हरवले नव्हतेच. समुद्रावर आज्यांबरोबर तंबोला खेळतायत. त्यांचे बूट फक्त बोटीने पलीकडच्या गावी गेलेत.”

मृणालने विचारलं, “हे कुठलं निम्मं आहे?”

“हे सगळं खरं आहे गं! बघ!” मी फोन वळवला.

मृणालला आधी समुद्र दिसला, मग कलिंगड, मग बाप. “बाबा! व्हॉट आर यू वेअरिंग?” ती किंचाळली. तेवढ्यात कार्मेलाने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यात तोंड घालून मिनिटभर काहीतरी कडकडीत सुनावलं.

“ह्या बाई मला रागावतायत का?”

“हो,” काका म्हणाले. “खेळ चालू असताना फोन करायचा नसतो, म्हणतायत बहुतेक.”

“बाबा, डोंट जोक. तुम्ही हरवला होतात. तुमच्याकडे फोन नव्हता, शूज नव्हते. काही झालं असतं तर?”

काकांनी कार्डावरचा खडा सरळ केला. मग फोन स्वतःकडे घेतला. आवाज तोच, पेशंटला एक्स-रे दाखवतानाचा. “मृणाल, ऐक. बाहेर आलो, बूट नाहीत. चपला घ्याव्यात म्हटलं, दुकानं बंद. नंदू-शुभा वर आहेत, तिथे चढवणार नाही. भर उन्हात पायरीवर बसलो तर चक्कर येईल. म्हटलं, सावली, पाणी आणि माणसं, तिन्ही कुठे असतील? आणि अनवाणी म्हातारा कुठे खपेल? वास आला त्या दिशेने चालत आलो. देवगडच्या माणसाला समुद्र शोधायला नकाशा लागत नाही. हॉटेलचं कार्ड खिशात आहे, ते ह्या बायकांना दाखवलंय. सहा वाजता कार्मेलाचा नातू गाडीने सोडणार होता. गोळी दुपारची घेतली. आता तू सांग, ह्यात मी काय चुकलो? बूट बाहेर काढले, ते सोडून.”

मृणालच्या मागे तिच्या धाकट्याचा आवाज आला, “इज आजोबा विनिंग?”

“दोन आकडे राहिलेत रे,” काका म्हणाले.

दोन्ही आकडे दुसऱ्याच आजीला लागले. बक्षीस म्हणून तिला सगळ्यांत मोठी कलिंगडाची फोड मिळाली, आणि ती तिने काकांना दिली. वर मी असं ऐकलंय की काकांना त्या किनाऱ्यावर कायमची खुर्ची दिली, तिच्यावर त्यांचं नाव कोरणार आहेत. शुभा म्हणते असं काही झालं नाही. पण स्पॅनिश तिलाही येत नाही.

निघताना कार्मेलाने काकांच्या पायात स्वतःच्या स्लिपर घातल्या. गुलाबी, वर प्लास्टिकचं सूर्यफूल. काकांनी त्या घालून गाव ओलांडलं, धक्क्यावर तिकीट काढलं, आणि आम्ही खाडीपलीकडे बूट आणायला निघालो. खरं सांगतो, कादिझ बघायचं तर असं, पाण्यातून. तिरपं ऊन पडलेलं, पांढरं गाव एखाद्या ताटलीत मांडल्यासारखं लाटांवर तरंगतंय, आणि मध्ये कॅथीड्रलचा पिवळा घुमट. वारा पडला होता. माझ्या अंदाजाने आमच्याबरोबर चारशे डॉल्फिन पोहत होते. शुभाने एक पाहिला.

काका कठड्याशी उभे होते. “आमचे आजोबा गलबतावर होते,” ते म्हणाले. “बाराही महिने कुठल्या ना कुठल्या अनोळखी बंदरात. त्यांच्या मागे कुणी ठिपका लावला नव्हता.”

“काका, मृणालला काळजी वाटते.”

“माहीत आहे रे. वाटू दे. काळजी वाटण्याबद्दल माझी तक्रार नाही.” थोड्या वेळाने म्हणाले, “पण माझे टोमॅटो तिकडे पिकले असतील आता.”

पलीकडच्या धक्क्यावर, फोनवर ठरल्याप्रमाणे, गाईड मुलगी उभी होती. रोसिओ तिचं नाव. दोन्ही हातांत बूट धरलेले, पाळण्यातलं मूल धरावं तसे. काकांनी बूट घातले नाहीत. काखेत मारले आणि सूर्यफुलाच्या स्लिपरमध्येच आम्हाला तळलेल्या माशांच्या दुकानाकडे घेऊन गेले. कागदाच्या पुडीतले मासे, उभ्याने खायचे. मी किती खाल्ले ते इथे लिहीत नाही. स्पेनच्या मत्स्यखात्याने वाचलं तर प्रवेशबंदी होईल. दुसऱ्या दिवशी काका स्वतः जाऊन स्लिपर परत देऊन आले, आणि आणखी तीन डाव खेळले.

परतल्यावर पंधरवड्याने मृणाल एडिसनला आली. एकटीच. मी तिला काकांच्या मागच्या डेकवर बसवून सगळं सांगितलं. रंगवून सांगितलं, कारण घराचा प्रश्न होता. काकांनी वादळात सुकाणू धरलं, महापौरांनी त्यांना मिठी मारली, काय वाटेल ते सांगितलं. शुभाने टेबलाखालून माझ्या नडगीचं पीठ केलं. काका वाफ्यात वाकून टोमॅटो तोडत होते. पाठ आमच्याकडे, पण कान इकडेच. एक टोमॅटो तोडायला एवढा वेळ लागत नाही.

मृणालने सगळं शांतपणे ऐकलं. कपातला चहा संपवला. बापाकडे बराच वेळ बघितलं.

“मग?” मला राहवेना. “काय ठरवलंस?”

“विंटरमध्ये इथल्या ड्राइव्हवेचा स्नो काढायला मी एक माणूस सांगितलाय,” ती म्हणाली. “बाबांच्या हातात फावडं दिसलं, तर मला फोन करा.”